पगारातले दोनशे रुपये आणि सातबाऱ्याबाहेरचा माणूस

कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या भाषणाचे नाव ‘हवामान बदल, करनीती आणि न्याय’ असे भारदस्त छापले आहे. आम्ही ते जरा हलके करून घेतो. समोर शाळा-कॉलेजातली मंडळी दिसतात, बँकेतली आहेत, कारखान्यावरची आहेत, इथल्या एमआयडीसीत काम करणारी पोरे आहेत. आपण घरी गेल्यावर पगाराची स्लिप काढा. फंड, विमा, पतसंस्थेचा हप्ता यांच्यामध्ये एक बारकी ओळ असते : ‘पीटी – २००’. फेब्रुवारीत ती ३०० होते. वर्षाचे झाले अडीच हजार. बहुतेक जण आयुष्यभर ही ओळ पाहतात आणि तो पैसा कशासाठी कापला, हे विचारत नाहीत.

तो दुष्काळासाठी कापला गेला. निदान सुरुवात तशी झाली. ‘महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५’ असे त्या कायद्याचे लांबलचक नाव. त्यातला ‘आजीविका’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल. हा कर रोजगार हमी योजनेचा खर्च भागवण्यासाठी आणला गेला. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, ज्याची वकिली किंवा दवाखाना चालतो, त्याने थोडे द्यायचे. कुणासाठी? पाऊस पडला नाही की ज्याच्या हाताला काम राहत नाही त्याच्यासाठी. आज जगभर परिषदा भरतात, हवामान-न्याय, हरित अर्थसंकल्प असे शब्द चालतात. त्यातला गाभ्याचा विचार महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी कायद्यात घातला होता. मात्र आम्ही त्याचे गोडवे गायला आलेलो नाही. त्या विचाराचे आपण पुढे काय केले, ते तपासायचे आहे.

बहात्तरचा दुष्काळ सोलापूरकरांना सांगायला नको. मिलो, सुकडी, खडी फोडण्याची कामे हे सगळे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून आहे. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. काम मागायला कुणालाही लाज वाटली नाही, कारण सगळे गावच कामावर होते. त्याआधी विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव भागात या कल्पनेचा लहान प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळाने त्या कल्पनेला बळ दिले. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. बाईला आणि पुरुषाला एकच दर. भत्त्याची रक्कम किरकोळ होती, रोजाचा किमान एक रुपया. पण सरकार एका नागरिकाचे काही देणे लागते, असे त्या एक रुपयाने कबूल केले होते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ‘हक्क म्हणजे काय’ हे शिकवताना आम्ही कांटऐवजी पुष्कळदा हा रुपया पुढे करीत असू. पोरांना लवकर कळे.

खर्चाची बाजूही तितकीच विचाराने बांधली होती. व्यवसाय कर होता, वाहनांवर आणि विक्रीकरावर जादा आकार होता, शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवर उपकर होता, बागायती जमिनीवर हेक्टरी २५ रुपये होते, आणि जेवढे जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची होती. व्यवसाय करातला मोठा भाग मुंबईतून येई. मुंबईचा कारकून आणि माढ्याचा मजूर यांची कधी गाठ पडणार नव्हती, तरी कायद्याने त्यांच्यात नाते जोडले. कुणी द्यायचे, कुणाला द्यायचे आणि घेणाऱ्याचा त्यावर कोणत्या नात्याने हक्क, या तिन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या. आमचा आजचा मुद्दा एवढाच आहे, की ही गाठ सुटली आणि ती सुटल्यावर नव्या नावाने कितीही पैसा ओतला तरी त्यातून न्याय होत नाही.

अर्थशास्त्रातले मित्र लगेच म्हणतील, पैशाला नाव चिकटवून ठेवणे ही काही चांगली करनीती नव्हे. सगळा पैसा एका तिजोरीत यावा आणि गरज असेल तिथे जावा. युक्तिवाद बरोबर आहे, पण तो इतिहास विसरून केलेला आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात आपल्या भागाची दैना झाली. रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी खाली आणली, दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. तेव्हा दख्खनच्या उपाशी मजुरांनी काम सोडून संप केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. आपल्या जिल्ह्यातला आष्टीचा तलाव त्याच काळातले दुष्काळी काम. मग लॉर्ड लिटनच्या सरकारने दुष्काळ विमा निधी काढला, वर्षाला दीड कोटी रुपयांचा. त्यासाठी १८७८ मध्ये व्यापारी-कारागिरांवर लायसन टॅक्स बसवला आणि शेतीवर जादा पट्टी लावली. वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी त्यातून सुटले. वर्ष-दीड वर्षात अफगाण युद्धाचा खर्च उभा राहिला आणि दुष्काळासाठी ठेवायची रक्कम बाजूला ठेवली गेली नाही. सुरतेत या करावरून दंगल झाली होती, ती उगीच नव्हे. जोतीरावांनी १८८३ च्या सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यातही हाच हिशेब मागितलेला आहे : लोकल फंड कुणाकडून घेता आणि तो जातो कुठे?

म्हणजे नावाने गोळा केलेला पैसा दुसरीकडे वळवणे ही सरकारांची जुनी खोड आहे. नाव चिकटवल्याने ती जात नाही, हे खरे. पण नाव असले की निदान हिशेब मागता येतो.

आता आपल्या अडीच हजारांकडे येऊ. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात अशा कराला वरची मर्यादा घातलेली आहे. सुरुवातीला ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० केली. तिथेच ती आजही उभी आहे. १९८६ च्या वेतनश्रेणीत कॉलेजच्या नव्या अधिव्याख्यात्याचा मूळ पगार होता महिना २,२०० रुपये. म्हणजे कराची वर्षाची कमाल मर्यादा एका प्राध्यापकाच्या महिन्याच्या मूळ पगारापेक्षा जास्त होती. आज तोच मूळ पगार ५७,७०० आहे आणि मर्यादा तीच, अडीच हजार.

यात नुसती रक्कम जुनी झाली असती तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता. तिच्यातला न्यायच उलटा झाला आहे. महाराष्ट्रात महिना दहा हजारांच्या वर पगार गेला की पुरुषाला पुरा अडीच हजार कर बसतो. बायकांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत सूट आहे, ते चांगलेच झाले. पण समजा इथल्या एमआयडीसीत एक पोरगा महिना १२ हजारांवर काम करतो. त्याच्या वर्षाच्या कमाईतले शंभराला पावणेदोन रुपये या करात जातात. आणि मुंबईत एक मोठे साहेब महिना १२ लाख घेतात, त्यांचे जातात शंभराला पावणेदोन पैसे. रुपये आणि पैसे. ज्या पोराचा बाप कदाचित रोजगार हमीवर जात असेल, त्याच्याकडून आपण साहेबांच्या शंभरपट दराने वसूल करतो आणि त्याला समाजाची एकजूट म्हणतो!

चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२ हजारांपर्यंत न्यावी असे सुचवले होते. झाले काहीच नाही. आणि नुसते बारा हजार केल्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण टप्पे तसेच राहिले तर बोजा पुन्हा खालीच येईल. खालच्याला पूर्ण सोडा, वरच्याकडून उत्पन्नाच्या प्रमाणात घ्या. हे करायला घटनादुरुस्ती लागते, ती संसदेने करायची. पण मागणी महाराष्ट्राकडून जायला हवी, कारण या कराला दुष्काळाशी आपण जोडले. आमच्या ऐकण्यात तरी कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात हे आलेले नाही.

हे झाले घेण्याचे. देण्याच्या बाजूला जास्त कठोर बोलावे लागेल.

रोजगार हमीवर माणसांनी पाझर तलाव खणले, नालाबंडिंग केले, रस्ते केले. बोगस हजेरीपट होते, मुकादमाची टक्केवारी होती, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यात आम्ही अडकत नाही. आमचा आक्षेप प्रामाणिकपणे झालेल्या कामालाच आहे. पाझर तलाव झाला, पाणी अडले, मुरले आणि खालच्या अंगाच्या विहिरींना आले. विहिरी कुणाच्या? ज्यांची जमीन त्यांच्या. त्या पाण्यावर बागायत झाली, पुढे ऊस आला. ज्या बाईने त्या तलावाची माती वाहिली तिला त्या आठवड्याची मजुरी मिळाली आणि तिचा त्या पाण्याशी संबंध संपला. पुढच्या दुष्काळात ती पुन्हा काम मागायला उभी, आणि मुरलेले पाणी मात्र दुसऱ्याच्या मोटारीला. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ सालीच या योजनेतून जमीनवाल्यांचा लाभ कसा होतो हे दाखवले होते. पुढे १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. सांगोल्याच्या माळावर डाळिंब उभे राहिले त्यात तिचा वाटा आहे, आणि ते थोडे काम नव्हे. पण झाड लावायला जमीन लागते. योजना हळूहळू हातांकडून सातबाऱ्याकडे सरकली.

याला दुसरा मार्ग नव्हता असे कुणी म्हणू नये. त्याच वर्षांत पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने वाटायचे नाही, घरातल्या माणसांच्या मापाने वाटायचे : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ऊस नाही. पाण्यावरचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही. सरकारचा पैसा आणि लोकांचे श्रम घालून जे पाणी तयार झाले, त्याची मालकी आपोआप वरच्या जमिनीला जात नाही, हा विचार तिथे प्रत्यक्षात चालवून दाखवला गेला. रोजगार हमीच्या कायद्यात हे एक कलम आले असते, तर आज महाराष्ट्राचा नकाशा वेगळा दिसला असता, असे आम्हाला ठामपणे वाटते. मजुरीची हमी दिली, मजुरीतून झालेल्या संपत्तीची दिली नाही. ती हमी अर्धीच राहिली.

गाठ सुटण्याचे आणखी एक उदाहरण दिल्लीचे आहे, ते भरभर सांगतो. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. धूर करणाऱ्याने स्वच्छ ऊर्जेसाठी द्यायचे, कल्पना उत्तम. २०१७ मध्ये जीएसटी आला, उपकराची जागा भरपाई उपकराने घेतली आणि टनामागचे ते चारशे रुपये राज्यांचे बुडालेले कर-उत्पन्न भरून द्यायला जाऊ लागले. आपल्या फताटेवाडीच्या प्रकल्पात उजनीचे पाणी घेऊन कोळसा जळत राहिला. घेण्याचे कारण हवेचे आणि देण्याचे कारण राज्यांच्या तिजोरीचे, अशी ती फारकत.

आता घरच्या गोष्टीकडे. माढा तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला सीना. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये गेली, ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास. सव्वा वर्षाने, सप्टेंबर २०२५ मध्ये, सीनेने दोन्ही काठ धुऊन नेले. ज्या माणसाने टँकरचे पाणी भरले त्याच्याच घरात पुराचे पाणी शिरले. हवामान बदल म्हणजे काय हे शिकायला आपल्याला परदेशी अहवाल नको. ऑक्टोबरमध्ये सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आकडा लहान नाही, आणि ज्याची माती वाहून गेली त्याला ते हवेच होते.

पण त्या मदतीचे माप बघा. आपत्ती निधीच्या निकषांनी पीकनुकसानीला जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. मर्यादा दोन हेक्टरांची होती, राज्याने ती तीनवर नेली. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि तीन लाख रुपयांपर्यंतचे काम रोजगार हमीतून. घर पडले, जनावर वाहून गेले त्याला वेगळी मदत आहे, ते मान्य. पण उपजीविका बुडाली हे मोजायचे एकक एकच : हेक्टर. आता सीनाकाठची एक शेतमजूर बाई घ्या. पुरात तिची सोयाबीनची काढणी गेली, कांद्याची खुरपणी गेली, पुढे दोन-अडीच महिने तिला कुणी कामाला बोलावले नाही. पिकाचा पंचनामा झाला, तिच्या बुडालेल्या हजेरीचा झाला नाही. बटईने शेत करणाऱ्याचेही तेच. बी त्याचे, खत त्याचे, सातबारा दुसऱ्याचा. खरडलेल्या जमिनीवर माती टाकायला रोजगार हमीवर तीच बाई येईल, आणि एका अर्थाने पाझर तलावाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

ॲरिस्टॉटलने न्यायाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक वाटणीचा, दुसरा दुरुस्तीचा. दुरुस्तीचा न्याय विचारतो : तुझ्याकडे काय होते, त्यातले किती गेले? तेवढे भरून देऊ. वाटणीचा न्याय विचारतो : या समाजात तुझा वाटा किती असायला हवा? भरपाईचे पॅकेज हा पहिला प्रकार. त्यात ज्याच्याकडे आधी काही होते त्यालाच काही मिळते. ज्याच्याकडे नव्हते त्याचे काही ‘गेले’च नाही, असे ते गणित. रोजगार हमी दुसऱ्या प्रकारातली होती. तिने ‘तुझे काय गेले’ असे विचारले नाही, ‘तुझे हात मोकळे आहेत काय’ एवढेच विचारले. दरवर्षी दुष्काळ नाहीतर पूर येणार असेल, तर दरवर्षी दुरुस्तीच करीत बसणारे राज्य वाटणीचा प्रश्न कायमचा पुढे ढकलते. शिवाय हमी ही आधीपासून असते आणि पॅकेज हे जाहीर करावे लागते. जाहीर करणारा कुणीतरी मोठा माणूस असतो, घेणाऱ्याने टाळ्या वाजवायच्या असतात. त्या एक रुपयाच्या भत्त्यासाठी कुणाला टाळ्या वाजवाव्या लागत नव्हत्या.

हे सगळे आजच का बोलायचे? तर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा केला. त्याच्या नावातही ‘आजीविका’ आहे. शंभराचे एकशे पंचवीस दिवस झाले, ही जमेची बाजू. पण खर्चात आता आपल्यासारख्या राज्याचा वाटा ४० टक्के. केंद्र दरवर्षी राज्याला रक्कम ठरवून देणार, त्यावर खर्च गेला तर तो राज्याने सोसायचा. शिवाय पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून साठ दिवस कामे बंद ठेवायची तरतूद. मजूर स्वस्तात आणि वेळेवर मिळावा ही जमीनवाल्याची अडचण आम्हाला समजते, पण सीनेला पूर आला तो नेमका काढणीच्या तोंडावर. निसर्ग ते साठ दिवस पाळत नाही. आणि ते ४० टक्के कुठून येणार, हा प्रश्न राज्यापुढे आहे. महाराष्ट्रापुरते त्याचे उत्तर पगाराच्या स्लिपवर पन्नास वर्षे छापलेले आहे. व्यवसाय कर किती जमतो, त्यातला रोजगार हमीवर किती जातो, हे दरवर्षी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजे. ‘आजीविका’ असणाऱ्याकडून घेतलेले ‘आजीविका’ नसणाऱ्यापर्यंत पोचले की नाही, एवढे तरी मग टेंभुर्णीत बसून सांगता येईल.

इथे कुणीतरी मनात म्हणत असेल, की प्राध्यापक साहेब उसाबद्दल बोलायचे टाळतात. टाळत नाही. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने नोंदवले आहे, की राज्यात लागवडीखालच्या क्षेत्रापैकी जेमतेम ४ टक्के ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यातले सुमारे ७० टक्के तो घेतो. उसाच्या खरेदीवर १९६२ च्या कायद्याने कर होता, तो २०१७ मध्ये जीएसटीत गेला. बागायतीवरचे ते हेक्टरी २५ रुपये एका मोळीच्या किमतीलाही पुरणार नाहीत. तेव्हा कर बसवायचाच तर आम्ही तो पाण्याच्या मापावर बसवू, आणि तोही दोन-चार एकरवाल्याला सोडून. त्यातून येणारा पैसा त्याच तालुक्यातल्या कोरडवाहू गावांत आणि बिनजमिनीच्या माणसांच्या कामावर जावा. ऊस उत्पादकाने रागावू नये. बाजारभावाचा आणि कारखान्याच्या थकलेल्या बिलाचा त्याचा त्रास खरा आहे, आणि तो निराळा विषय आहे. पण धरण कुणाच्या पैशाने झाले आणि त्यासाठी कुणाची गावे उठली, हे भीमानगरपासून इतक्या जवळ बसून आपण विसरू शकत नाही. मागच्या रांगेतले एक गृहस्थ मघापासून हात वर करून आहेत, बहुधा याच मुद्द्यावर असावेत. आता त्यांना माईक द्या.